आत कधी सुरू झालं?

जानेवारीतली सकाळ होती. माझ्यासमोर बर्फाची बादली, बर्फात रोवलेली बोटाच्या पेराएवढी नळी आणि नळीत सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींचा अर्क. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून काढलेला हा अर्क बर्फावर सावकाश वितळू द्यावा लागतो. घाई केली तर बिघडतो, आणि वितळल्यावर तसाच ठेवला तरी बिघडतो. नळीच्या कडेने लाली सुटायला लागली होती, मधे अजून गोठलेला खडा दिसत होता, तेवढ्यात आबांचा फोन वाजला. आबा सकाळी कधी फोन करत नाहीत. त्यांची सकाळ धारांची, शेणाची आणि डेअरीत दूध घालण्याची. मी फोन कानाला लावला. थोडा वेळ नुसता गोठ्यातला आवाज आला, मग ते म्हणाले, "कालवड गेली गं." दोन महिन्यांची कालवड. दिवाळीनंतर झालेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिच्या आईला, तांबडी गाईला, लाळ आली आहे हे मला आदल्या दिवशी कळलं होतं, पण कालवड ठीक होती. आबा म्हणाले, "अंगावर एक फोड न्हवता. तोंड साफ. काल सांजच्याला उड्या मारत हुती. पहाटं आईला प्यायला गेली आन् तिथंच बसली, ती उठलीच न्हाय." मग जरा थांबून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "वरनं काहीच दिसलं न्हाय, मग आत कधी सुरू झालं गं?"

नळीतला खडा विरघळला होता. मी म्हणाले, "आबा, नंतर सांगते."

ते "बरं" म्हणाले. आमच्या घरात फोन असेच संपतात. मी अर्क नळ्यांमध्ये वाटून घेतला, ३० अंशांच्या पाण्यात ठेवला, घड्याळ लावलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी त्या क्षणी नेमकं काय करत होते. माझ्या त्या नळ्यांमध्ये लाळ्या खुरकूत रोगाच्या विषाणूचाच एक तुकडा होता. जिवंत विषाणू नव्हे. तो आमच्यासारख्या साध्या प्रयोगशाळेत आणताही येत नाही. प्रथिन कसं बनवायचं हे सांगणाऱ्या त्याच्या आरएनए संदेशातली साडेचारशेच्या आसपास अक्षरं फक्त, जी एकटी कुणालाही आजारी पाडू शकत नाहीत. पण ती अक्षरं म्हणजेच आबांच्या प्रश्नाचं उत्तर. विषाणू पेशीत शिरल्यावर पहिलं प्रथिन बनायला सुरुवात कशी होते, हाच माझा विषय होता. गावाकडच्या माणसांनी मला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपैकी या एकाच प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पक्कं होतं, आणि मी "नंतर" म्हणाले. शिवाय आदल्याच दुपारी गटाच्या बैठकीत त्या अक्षरांच्या घड्यांचं चित्र पडद्यावर दाखवताना माझ्या तोंडून "किती सुंदर आहे हे" असं निघून गेलं होतं. सगळे हसले होते, कारण सगळ्यांनाच ते सुंदर वाटत होतं. कालवड गेल्यानंतर तो शब्द दातात अडकलेल्या काडीसारखा मला टोचत राहिला.

लाळ्या खुरकूत मी लहानपणी एकदा जवळून पाहिली आहे. तिसरी-चौथीत असेन. गोठ्यात सगळ्यात आधी बदलतो तो आवाज. एरवी रात्री रवंथाची संथ कुरकुर असते, घंटेचा अधूनमधून एखादा ठोका असतो. लाळ आली की रवंथ थांबतं आणि त्या जागी ओठ आपटल्यासारखा चप् चप् आवाज सुरू होतो, रात्रभर. सकाळी कंदील नेऊन पाहिलं तर जनावराच्या तोंडातून दोरीसारखी लाळ थेट जमिनीपर्यंत लोंबत असते, आणि ती त्या उजेडात चमकते. जिभेवरचा फोड फुटला की कातडीचा पापुद्रा निघून येतो, खाली लालभडक मांस दिसतं. खुरांच्या बेचक्यात तेच. गाय एका पायावरचा भार दुसऱ्यावर देते, दुसऱ्यावरचा तिसऱ्यावर, कुठलाच पाय तिला पुरत नाही. आबा तुरटीच्या पाण्याने तोंड धुवायचे, मी तांब्या धरायची. खुरांत अळ्या पडू नयेत म्हणून फिनाईल. आजी ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील करून गार झाल्यावर नळकांड्याने पाजायची, कारण समोर हिरवागार ऊसवाढा पडलेला असूनही गाईला तो चावता येत नसे. फिनाईल, तुरटी, आंबट आंबील आणि जखमेचा गोडसर वास, हे सगळं मिसळून त्या दिवसांचा जो वास झाला होता तो अजून एखाद्या दवाखान्याच्या जिन्यात मला अचानक भेटतो. सगळ्यात वाईट होतं ते सडांवरचे फोड. वासरू ढुशी द्यायचं आणि गाय, जी एरवी त्याला चाटून चाटून ओलं करायची, ती लाथ मारायची. वासराला कळायचं नाही. ते पुन्हा जायचं.

ती गाय वाचली. पण पुढे किती तरी उन्हाळे ऊन चढलं की ती झाडाखाली धापा टाकत उभी राहायची, आणि तिच्या अंगावर थंडीतल्यासारखे लांब केस राहिले ते राहिलेच.

फ्रीड्रिख लोफ्लर आणि पाऊल फ्रॉश या दोन जर्मन संशोधकांनी १८९८ साली दाखवून दिलं की या फोडांतलं पाणी जिवाणूही अडतील अशा बारीक गाळणीतून गाळलं तरी त्याने जनावर आजारी पडतं. प्राण्यांच्या शरीरात सापडलेला हा पहिला विषाणू. म्हणजे प्राण्यांच्या विषाणुशास्त्राच्या दारात एक लाळ गळणारी गाय उभी आहे. आत जे असतं ते फारच थोडं. सुमारे ८,४०० अक्षरांचा आरएनएचा एक धागा आणि भोवती प्रथिनांचं कवच. ना स्वतःचा चुलाणा, ना सरपण, ना हात. प्रथिन बनवणारं यंत्र, रायबोसोम, ते गाईच्या पेशीचं. कच्चा माल गाईचा, वीज गाईची. विषाणू फक्त एक मजकूर घेऊन येतो. मग त्या अनोळखी मजकुराला यंत्र हात तरी का लावतं?

आमचा भाग उसाचा, त्यामुळे मला हे सगळं कारखान्याच्या भाषेतच समजतं. ऊस कितीही गोड असला तरी चिठ्ठीशिवाय तो गव्हाणीपर्यंत पोहोचत नाही. फाटकावर चिठ्ठी बघतात, काट्यावर वजन होतं, मग गव्हाण, म्हणजे ऊस गाळायला आत नेणारा पट्टा. पेशीतल्या जवळजवळ प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीलाही अशीच एक चिठ्ठी डकवलेली असते, तिला शास्त्रज्ञ टोपी म्हणतात. ती ओळखणारं एक छोटं प्रथिन असतं. त्याच्या शेजारी एक लांबलचक प्रथिन उभं असतं, ते एका हाताने टोपी ओळखणाऱ्याला धरतं आणि दुसऱ्या हाताने रायबोसोमच्या लहान अर्ध्या भागाला जवळ ओढतं. मग तो अर्धा भाग टोपीपासून अक्षर अक्षर चाचपत पुढे सरकतो आणि ए-यू-जी ही तीन अक्षरं भेटली की थांबतो. दुसरा अर्धा भाग येऊन बसतो आणि दळण सुरू होतं. टोपीपासून सरकत जाण्याची ही कल्पना मेरिलिन कोझाक यांनी १९७८ मध्ये मांडली. आणि गंमत अशी की ही टोपी नीट उलगडली तीच मुळी विषाणूंमध्ये. १९७५ च्या सुमारास, जपानमध्ये रेशीमकिड्यांच्या एका विषाणूत आणि अमेरिकेत रिओविषाणू नावाच्या दुसऱ्या एका विषाणूत. आपल्या स्वतःच्या पेशींची खूण आपल्याला परक्यांच्या अंगावर आधी दिसली. फ्लूचा विषाणू तर टोप्या सरळ चोरतो. आपल्या पेशीच्या ताज्या संदेशाचं डोकं दहा-तेरा अक्षरांसकट छाटतो आणि स्वतःच्या संदेशाला जोडतो.

लाळ्या खुरकूत आणि पोलिओ हे एकाच कुळातले. या कुळाला टोपी नाही. पोलिओच्या संदेशात खऱ्या सुरुवातीआधी सातशे चाळीसच्या वर अक्षरं आहेत, त्यात मधे मधे फसवी ए-यू-जी विखुरलेली. टोपीपासून सरकत येणारा रायबोसोम या रानात कुठेतरी हरवायलाच हवा. तरी पोलिओचं प्रथिन बनतं, आणि भरभरून बनतं. १९८८ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये जेरी पेलेटियर आणि नाहुम सोनेनबर्ग यांनी पोलिओवर, आणि त्याच सुमारास अमेरिकेत एकार्ड विमर यांच्या प्रयोगशाळेने याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूवर दाखवलं की रायबोसोम इथे टोकापासून येतच नाही. आरएनएचा धागा स्वतःभोवती घड्या घालून, फांद्या काढून असा आकार घेतो की रायबोसोम सरळ मधेच, सुरुवातीच्या अगदी जवळ उतरतो. फाटक, चिठ्ठी, काटा सगळं बाजूला ठेवून गव्हाणीतच उघडणारी वाट. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, लाळ्या खुरकूतच्या विषाणूतही तशीच वाट असल्याचं प्रसिद्ध झालं. माझ्या नळीत होती ती साडेचारशे अक्षरं म्हणजे ही वाट.

पोलिओचं नाव आलं की मला आमच्या वाडीतले शिंपीकाका आठवतात. त्यांचा एक पाय काडीसारखा होता, म्हणून ते पायाचं मशीन न वापरता हाताचं वापरायचे, आणि दुसऱ्या पायाने दारातलं मांजर दूर सारायचे. आम्हा पोरांना शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभं करून तोंडात दोन थेंब टाकत तेव्हा काका समोरच्या दुकानातून बघत बसायचे. त्या थेंबांतला विषाणू अशक्त केलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो अशक्त का, याचं एक मोठं कारण मला फार उशिरा कळलं, आणि ते वाचताना मी अभ्यासिकेत उठून उभी राहिले होते. त्या थेंबांच्या, म्हणजे आल्बर्ट साबिन यांनी बनवलेल्या लशीतल्या पोलिओच्या तिन्ही प्रकारांत याच उतरायच्या वाटेवरचं एकेक अक्षर बदललेलं आहे. तिसऱ्या प्रकारात ते ४७२ वं. त्या बदलाने प्रथिनात तसूभरही फरक पडत नाही. फक्त सुरुवात अडखळते, आणि मज्जातंतूंच्या पेशींमध्ये ती जास्तच अडखळते. एका अक्षराची अडखळ, आणि तेवढ्यावर माझ्या वर्गातली सगळी मुलं दोन पायांवर पळाली. आतड्यात वाढताना ते अक्षर कधी कधी पूर्वपदावर येतं, हेही खरं. म्हणून दुसऱ्या प्रकाराच्या नव्या लशीत त्या घडीतली अक्षरंच अशी फिरवून बांधली आहेत की एका बदलाने तिला मागे जाता येऊ नये. २०२० च्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने तिला आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता दिली.

पण मला तांबडीबद्दल सांगायचं आहे.

लाळ्या खुरकूतचा विषाणू एक गोष्ट करतो ती मला अजूनही रात्री आठवते. त्या वाटेवरून उतरलेल्या रायबोसोमला दोन ए-यू-जी भेटतात, एकमेकांपासून चौऱ्याऐंशी अक्षरांवर. काही रायबोसोम पहिल्यावर सुरू करतात, बरेचसे पुढे जाऊन दुसऱ्यावर. दोन्हीकडून सुरू झालं तरी सगळ्यात आधी जे बाहेर पडतं ते एकच प्रथिन, आणि ते असतं एक कात्री. ही कात्री आधी स्वतःला मागच्या लांब साखळीपासून सोडवून घेते आणि मग पेशीतल्या त्या लांबलचक दुव्याला मधोमध कापते. टोपी ओळखणाऱ्याला धरणारा हात एका तुकड्यात, रायबोसोम ओढणारा हात दुसऱ्यात. पेशीचे स्वतःचे हजारो संदेश टोप्या घालून उभेच राहतात, त्यांना आत घेणारं कुणी उरत नाही. आणि दुव्याचा जो दुसरा तुकडा उरला, रायबोसोम ओढणारा, त्याला विषाणूची ती घडी घातलेली वाट स्वतःच धरते आणि त्याच्याकडून काम करून घेते. पेशी धोक्याची हाळी देते ती इंटरफेरॉन नावाच्या प्रथिनाने. पण हाळी देखील प्रथिनच. तीही त्याच गव्हाणीतून यावी लागते. अमेरिकेतल्या प्लम आयलंडवरच्या संशोधकांनी ही कात्री काढून टाकलेला विषाणू बनवून पाहिला, तर गाईंच्या अंगात तो फारसा पसरला नाही, त्यांना फोडही आले नाहीत. साऱ्या रोगाचा जोर असा सुरुवातीच्या त्या एका प्रथिनात.

हे मी "सुंदर" म्हटलं होतं. आजही, एकटी असताना, प्रामाणिकपणे विचारलं तर तेच म्हणेन. माझ्या प्रयोगात दोन प्रथिनांचा एकच लांब संदेश असायचा. पहिलं समुद्रातल्या एका प्राण्याचं प्रकाश देणारं प्रथिन, ते टोपीवरून वाचलं जायचं. दुसरं काजव्याचं, त्याच्या आधी विषाणूची वाट. वाट चालली तरच काजवा उजळणार. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, यंत्र मोजतं आणि पडद्यावर आकडा येतो. पण आकडा मोठा आला की मला आमच्या ओढ्याकाठची जूनमधली झाडं दिसायची, पहिल्या पावसाआधीच्या दमट काळोखात एकदम पेटणारी आणि एकदम विझणारी. त्या दिवशी, कालवड गेली त्या दिवशी, आकडा आजवरचा सगळ्यात मोठा आला. मी वहीत तारीख घातली, आकडा लिहिला आणि वही मिटून बराच वेळ तशीच बसले. कालवडीच्या हृदयातही तीच वाट चालली होती. लहान वासरांमध्ये हा विषाणू तोंडात फोड येण्याआधीच हृदयाच्या स्नायूंत शिरतो. आतून वाघाच्या अंगावर असतात तसे फिकट पट्टे पडतात. बाहेरून वासरू उड्या मारताना दिसतं.

आबांना हे सगळं सांगायला मला दीड महिना लागला. महाशिवरात्रीला गावी गेले तेव्हा गोठ्यातच सांगितलं. तांबडी बरी झाली होती, पण दूध निम्म्यावर आलं होतं आणि डाव्या पुढच्या पायाने ती अजून जपून चालायची. कालवडीच्या दाव्याचा खुंटा तसाच होता, दावं गुंडाळून खिडकीत ठेवलेलं. मी फाटक सांगितलं, चिठ्ठी सांगितली, गव्हाण सांगितली. आबा शेणात काडी फिरवत ऐकत होते. कात्रीपर्यंत आले तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "म्हंजे," ते म्हणाले, "फाटक मोडलं, आन् त्याच फाटकाच्या लाकडाची शिडी केली." मी चार वर्षं ही गोष्ट लोकांना समजावत होते, इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आन् ही गाईच्या पेशीला कळत न्हाय?" मी म्हणाले, "नाही आबा. ती तिचं रोजचंच काम करत असते." ते बराच वेळ बोलले नाहीत. तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यापाशी थांबले. लसीकरण शिबिराचे लोक पावसाळ्यानंतर आले होते तेव्हा ती गाभण होती, दिवस भरत आले होते. गाभ पडेल म्हणून आबांनीच टोचू दिलं नव्हतं. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

"सुरू होऊन किती दिस झालं आसतील?" त्यांनी विचारलं. हाच तो प्रश्न, दीड महिन्यापूर्वीचा. मी सांगितलं, अंगात शिरल्यापासून बाहेर दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस लागतात. पेशीच्या आत मात्र ते तासांत होतं. आबांची बोटं हलायला लागली, ते मागे मोजत होते. डेअरीचा हिशेब करताना मोजतात तसेच, अंगठ्याने पेरं. मग थांबले. त्यांना काय आठवलं ते मलाही माहीत होतं, कारण आईने फोनवर सांगितलं होतं. तांबडी आजारी पडायच्या आठवडाभर आधी मराठवाड्यातून आलेली ऊसतोडीची टोळी आमच्या बांधावरून गेली होती. गाड्यांची बैलं आबांनी आमच्या हौदावर पाणी पाजायला बोलावली होती. त्यातलं एक लाळ गाळत होतं, पण ओझं ओढून आलेलं बैल लाळ गाळतंच. ती माणसं सहा महिने घराबाहेर असतात. गावी शिबिर होतं तेव्हा ती कुणाच्या तरी शिवारात असतात, त्यांची बैलंही. रोग त्यांच्याकडूनच आला की बाजारातून, डेअरीच्या कॅनवरून की वाऱ्याने, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. वाऱ्यानेही येतो तो. १९८१ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर पोहोचला होता. हेही मी आबांना सांगितलं, कदाचित फार घाईने सांगितलं.

आबा म्हणाले, "तहानलेली हुती बैलं."

पुढच्या हंगामात मी दिवाळीला गेले तेव्हा हौदापासून पन्नास पावलांवर, बांधाच्या कडेला, सिमेंटची एक नवी टाकी दिसली. आबांनी तिला वेगळी नळी जोडून घेतली होती. टोळी यायला अजून अवकाश होता, टाकी कोरडी होती आणि तिच्या आत कुणीतरी चुन्याचा हात मारून ठेवला होता. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तांबडीच्या लशीची तारीख लिहिली होती आणि तिच्याखाली, सहा महिने पुढची, दुसरी.